कॉलेजमधून की ज्युनिअर लीगमधून: ड्रायडन आणि रुआ

आइस हॉकीच्या गोलरक्षकापुढे दोन वाटा असतात, कॉलेजची किंवा तरुण खेळाडूंच्या ज्युनिअर लीगची, आणि माँट्रियल कॅनेडियन्स या कॅनडातल्या व्यावसायिक संघाने दोन्हींचं सोनं केलं. केन ड्रायडन १९६४ मध्येच ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी तरुण खेळाडू निवडून घेण्याच्या फेरीत, निवडला गेला होता, तरी आधी कॉर्नेल विद्यापीठात शिकला. तिथे १९६७ चं राष्ट्रीय विजेतेपद आणि तीन हंगामांत फक्त चार पराभव! मार्च १९७१ मध्ये तो माँट्रियलकडून उतरला, सहा साखळी सामने खेळला आणि थेट स्टॅनले कप, म्हणजे व्यावसायिक लीगचं विजेतेपद, जिंकून दिला. खेळ थांबला की स्टिक बर्फावर उभी टेकवायची, वर दोन्ही हात ठेवून शांत उभं राहायचं, ही त्याची ओळख.

पॅट्रिक रुआ गोलच्या खांबांशी बोलायचा. ज्युनिअर लीगमधून आलेला हा पोरगा विसाव्या वर्षी, १९८६ मध्ये, कप घेऊन मोकळा झाला. २००३ पर्यंत खेळला, ५५१ विजय, चार कप.

ड्रायडनचे सहा, तेही आठच हंगामांत. मधलं १९७३-७४ चं वर्ष त्याने वकिलीच्या उमेदवारीसाठी सोडलं आणि १९७९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. पुढे तो कॅनडाचा मंत्रीही झाला. दीर्घ कारकीर्द हवी तर रुआची वाट. मला मात्र ड्रायडनचीच भुरळ पडते.