क्रॉसबी बीचवरचे लोखंडी पुतळे: भरतीचं टाइमटेबल बघूनच निघा

बडोद्याहून जे कोणी लिव्हरपूलला मुलांकडे, भाच्यांकडे जाणार असतील त्यांनी अर्धा दिवस क्रॉसबी बीचसाठी काढाच. लिव्हरपूल सेंट्रल स्टेशनहून साउथपोर्टची लोकल पकडायची, ब्लंडेलसँड्स अँड क्रॉसबीला उतरायचं, पुढे थोडं चालणं, बस. तिकीट नाही, गेट नाही, गार्डची शिट्टी नाही.

ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मलीचं 'अनदर प्लेस' आहे हे. स्वतःच्याच अंगाचे साचे काढून ओतलेले १०० लोखंडी पुतळे, एकेक ६५० किलोचा, साधारण ३ किलोमीटर किनाऱ्यावर पसरलेत, आणि सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, त्यामुळे आपल्याला आधी नुसत्या पाठी दिसतात. २००५ मध्ये तात्पुरते म्हणून आणले होते, २००७ मध्ये इथेच ठेवायचं ठरलं, बरं झालं.

पण वेळ चुकली तर काही खरं नाही हं. आपल्या कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेव मंदिरासारखाच हिशोब, भरतीत पाण्याखाली, ओहोटीत दर्शन. भाचीने फोनवर टाइम बघून ठेवलेला म्हणून आम्ही ओहोटी लागताना पोचलो आणि तीच खरी मजा, आधी एक डोकं वर येतं, मग खांदे, मग तिकडे लांब अजून एक डोकं, तासभर नुसते उभे राहून बघत होतो, वाऱ्याने कान बधिर झाले तरी हलवेना.

जवळ जाऊन हात लावा, कोणी ओरडत नाही. वाळूकडच्यांना नुसता गंज आणि पापुद्रे, पाण्याकडच्यांच्या अंगभर खरखरीत शिंपले चिकटलेत, वर हिरवं शेवाळ, काही तर गुडघ्यापर्यंत वाळूत गेलेत. बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या आवारात शिल्पं बघत मोठे झालो आपण, पण तिथलं दगड-ब्राँझ ठेवलंय तिथे तसंच राहतं, इथे अर्धं काम समुद्रच करतोय. एकाला कोणीतरी लोकरीची टोपी घातलेली, सौ.ला फार गोड वाटलं, मला नाही.

अगदी लांबच्या पुतळ्यांपर्यंत जायचा नाद करू नका, पुढे चिखल आहे, पाय रुततो आणि पाणी चढायला लागलं की पटकन येतं, बोर्ड लावलेत ते वाचा. पोहायला तर नाहीच.

५ पैकी ४.५. अर्धा मार्क जवळच्या एका कॅफेने चहा म्हणून जे कोमट पाणी दिलं त्याचा कापला, तेव्हा थर्मास आणि लीला चिवडा घरूनच न्या. आणि पांढरे बूट घालून जाऊ नका.