फियाटसाठी इलेक्ट्रिक फॅनचं किट: फॅन घ्या, वायर बदला

फियाट तापते ती गाडी थांबल्यावर. ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला, नाहीतर घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रकांच्या शेपटीला अडकलात की इंजिन आयडलवर येतं आणि पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखाही त्याच्याबरोबर मंदावतो. इलेक्ट्रिक फॅनचा खरा उपयोग तिथेच. साडेचार हजारांच्या आसपास मिळणारं हे बिनब्रँडचं किट बसवलं ते अल्टरनेटर असलेल्या प्रीमियर पद्मिनीवर. डब्यात 12 इंची फॅन, 30 अँपिअरचा चार पिनांचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), होजपाइपमध्ये बसणारा आणि पाणी तापलं की लागणारा थर्मो स्विच, तयार वायरिंग आणि प्लास्टिकच्या चार टाय येतात.

फॅन उत्तम आहे. चालू असताना 9 ते 10 अँपिअर घेतो, आवाज बेताचा, पाती उलटी लावण्याची सोय आहे. रेडिएटरच्या मागे लावला तर हवा इंजिनकडे ओढणारा, पुढे लावला तर ढकलणारा, एवढं बघून पाती लावायची; पाती उलटली तर फॅनच्या दोन वायरीही अदलाबदल करायच्या. टाय मात्र फेकून द्या. त्या जाळीतून आरपार ओवायच्या असतात. महिनाभराच्या थरथराटात जाळी झिजते आणि मग नळी फुटते. वीस बाय तीन मिलिमीटरची लोखंडी पट्टी रेडिएटरच्या फ्रेमला बोल्ट करा आणि फॅन तिच्यावर घ्या.

खरी रड वायरिंगची आहे. वायर दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) दिली आहे. जाऊन-येऊन चार मीटर लांबी आणि 10 अँपिअर करंट धरला तर नुसत्या तांब्यातच जवळपास अर्धा व्होल्ट जातो. फॅन चालू असताना मल्टिमीटर लावला तेव्हा बॅटरीवर 13.6 आणि फॅनच्या प्लगवर 12.4 आले. उरलेला घोळ फ्यूज होल्डरच्या पातळ पत्र्यात आणि बॉडीच्या रंगावरच आवळलेल्या अर्थच्या थिंबलमध्ये (वायरच्या टोकाच्या धातूच्या पट्टीत) होता. चार एमएमची वायर ओढली, अर्थच्या जागेचा रंग पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला आणि वर ग्रीस फासलं, की हा फरक पाव व्होल्टच्या आसपास येतो. ठाण्याच्या खाडीकडची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस बघता ग्रीस विसरून चालत नाही.

त्याहून वाईट म्हणजे दीड एमएमच्या वायरवर किटवाल्यांनी हिरवा, 30 अँपिअरचा फ्यूज घातला आहे. फ्यूज असतो वायर वाचवायला. इथे आधी वायर जळेल आणि फ्यूज शाबूत राहील. चार एमएमच्या वायरवर पिवळा, 20 अँपिअरचा फ्यूज लावा. फॅन सुरू होतानाचा क्षणभराचा झटका तो सोसतो. होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं.

जोडणी सरळ आहे. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: 30 ला बॅटरी, 87 ला फॅन, 86 ला इग्निशन आणि 85 ला थर्मो स्विच. रिलेची कॉइल जेमतेम 0.15 अँपिअर खाते, त्यामुळे 86 साठी जुन्या फ्यूजबॉक्समधून वायर घेतली तर काही बिघडत नाही. पण ‘रिले कशाला, डायरेक्ट इग्निशनवर टाकतो’ म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर गाडी त्याच्या हातात देऊ नका. एक तर चाळीस वर्षांचा किल्लीचा स्विच तेवढा करंट पेलत नाही; दुसरं, किल्ली काढल्यावर फिरत राहिलेला फॅन स्वतः वीज तयार करून इग्निशनला परत पाठवतो आणि इंजिन दोन-तीन सेकंद चालूच राहतं. रिले आतल्या मडगार्डवर पिना खाली करून लावा, म्हणजे आत पाणी साचत नाही.

थर्मो स्विच 92 अंशांना लागतो, 87 ला सुटतो. आकडे योग्य आहेत. किटच्या कागदावर एक गोष्ट मात्र लिहिलेली नाही. स्विच ज्या धातूच्या तुकड्यात बसतो त्याच्या दोन्ही बाजूंना रबरी होज असतो, म्हणजे त्याला बॉडीचा अर्थच मिळत नाही. अशा वेळी फॅन लागत नाही आणि दोष रिलेच्या माथी मारला जातो. होजच्या क्लॅम्पखाली थिंबल दाबून त्या तुकड्याला वेगळी अर्थची वायर द्या.

मूळ पंखा काढताना त्याचेच बोल्ट पुलीही धरून असतील तर ते आता लांब पडतात आणि पुली ढिली राहते. आखूड बोल्ट घाला.

अल्टरनेटरऐवजी जुना डायनॅमो असलेल्या गाड्यांना हे किट आम्ही सुचवणार नाही. लुकासचा सी-40 डायनॅमो पूर्ण वेगात 22 अँपिअर देतो, पण आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही, आणि फॅन नेमका तेव्हाच लागतो. रात्री पावसात हेडलाइटचे साडेसात, वायपरचे तीन, इग्निशनचे तीन-चार आणि वर फॅनचे दहा, हे सगळं मग बॅटरीतून जातं. आधी अल्टरनेटर, मग फॅन. अँपमीटर (बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणारा काटा) असलेल्या अँबॅसडरमध्ये आणखी एक भानगड होते: फॅनची वायर थेट बॅटरीवर घेतली तर काटा फॅनचा करंट ‘चार्जिंग’ म्हणून दाखवतो. ती अँपमीटरच्या अल्टरनेटरकडच्या टोकावर घ्या.

त्याच दुकानात फॅनच्या जोडीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप गळ्यात मारतात. पंपावर दाब 4 ते 7 पीएसआय छापलं आहे. कार्ब्युरेटरला 2 ते 4 पुरे. जास्त दाबाने फ्लोटची सुई सीटवरून उचलली जाते आणि पेट्रोल ओसंडतं, तेही गरम इंजिनावर. रेग्युलेटर लावल्याशिवाय हा पंप बसवू नका. तो टाकीजवळ, टाकीच्या खालच्या पातळीला बसवा, कारण असे पंप ढकलतात चांगलं आणि ओढतात वाईट.

इंजिन बंद पडलं की पंपही थांबला पाहिजे, अपघातात तर नक्कीच. त्यासाठी पाच पिनांचा रिले घ्या. 86 ला इग्निशन, 85 ला ऑइलच्या लाल दिव्याच्या स्विचची वायर, पंप 87ए वर (कॉइल सुटलेली असताना 30 शी जोडलेली राहणारी पाचवी पिन). ऑइलचं प्रेशर नसताना स्विच अर्थ देतो, कॉइल ओढते आणि पंप बंद राहतो. प्रेशर आलं की कॉइल सुटते आणि पंप चालतो. यात 30 ला मात्र इग्निशनवरचीच, फ्यूज घातलेली वायर द्यायची. थेट बॅटरी दिलीत तर किल्ली काढल्यावर पंप रात्रभर चालत बसेल. आठवडाभर उभ्या गाडीत कार्ब्युरेटर भरायला 30 आणि 87ए यांच्यामध्ये एक पुश बटण टाका. कॉइलची वायर तुटली तर ही युक्ती निकामी होते आणि पंप बंद पडत नाही, म्हणून शक्य असेल तर धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विचही जोडा.

डिकीत अडीच एमएमच्या वायरचा, दोन्ही टोकांना चपटी थिंबलं लावलेला वीतभर तुकडा ठेवा. रस्त्यात फॅनचा रिले गेला तर तो उपटून सॉकेटमध्ये 30 आणि 87 जोडायचे, फॅन चालू राहतो. घरी पोचल्यावर तुकडा आठवणीने काढा, तो किल्लीने बंद होत नाही.