शाळेतला आग-वादळाचा सराव सांगून की अचानक?
अचानक घंटा वाजवली की शाळेची खरी परीक्षा होते: मागच्या दाराला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बाजारात! पण पहिलीतली पोरं भेदरतात, आणि कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की अर्धा गाव फाटकात.

चिठ्ठी पाठवून घेतलेला सराव जरा नाटकी वाटतो खरा. तरी घरात बोलणं होतं, मुलाला न्यायला कोण येणार, आजी की शेजारची काकू? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद पडले. अशा वेळी आधी ठरलेलंच कामी येतं. शिवाय आगीत मैदान गाठायचं, वादळात मात्र पक्क्या खोलीत, खिडकीपासून लांब, हा फरक घंटा वाजल्यावर कोण समजावणार? म्हणून आधी सांगूनच. अचानक घंटा पुढे, मोठ्या वर्गांना.