एचओ, एन की नॅरोगेज? नागपुरात घरी रेल्वे मांडण्याआधी

मॉडेल रेल्वे करायची म्हटलं की लोक आधी इंजिन शोधायला लागतात. आधी ठरवायचं असतं ते माप. एकदा रूळ घेतले की डबे, सिग्नल, स्टेशनची इमारत, फलाटावरची माणसं, सगळं त्याच मापाला बांधलं जातं, आणि मधेच मन बदललं तर बहुतेक सगळं विकून नव्याने सुरुवात करावी लागते.

आमच्या ओळखीच्या मंडळींत सध्या तीन मांडण्या तीन वेगळ्या मापांत उभ्या राहताहेत. महाल भागातल्या एका काकांनी जुन्या घराच्या माडीवर एचओ मांडलंय. मनीषनगरला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मित्राचं एन आहे. माझं स्वतःचं नॅरोगेज आहे, पुस्तकांच्या कपाटाशेजारच्या लांब फळीवर. अधूनमधून रविवारी कोणाकडे तरी जमायचं, कोणाचं काम कुठवर आलं ते बघायचं आणि चहाबरोबर थोडी टीका करायची, असं चालतं. पुढची तुलना त्या तीन घरांतूनच आली आहे.

मापं आधी सांगून टाकतो. एचओ म्हणजे १:८७ (खऱ्या गाडीपेक्षा ८७ पट लहान), रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. जपानी एन साधारण १:१५० आणि ब्रिटिश १:१४८ असतं, पण रूळ तेच ९ मिलिमीटरचे. तिसरं एचओई, माझ्या नॅरोगेजचं माप: गाड्या, घरं, झाडं, माणसं सगळी १:८७, फक्त रूळ ९ मिलिमीटरचे.

खोलीत काय मावतं

एलएचबी, म्हणजे एक्स्प्रेस गाड्यांचा नव्या धाटणीचा प्रवासी डबा, जवळपास २४ मीटर लांब असतो. एचओमध्ये तो २७ सेंटिमीटरच्या आसपास येतो, एनमध्ये १५. बावीस डब्यांची पूर्ण एक्स्प्रेस आणि पुढे डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन जोडायचं म्हटलं तर एचओमध्ये सव्वासहा मीटर लागतात, एनमध्ये साडेतीनच्या आत काम होतं. दहा बाय बाराच्या खोलीची लांब भिंत ३.६६ मीटर असते. म्हणजे एनमध्ये अख्खी गाडी एका भिंतीला सरळ उभी राहते. एचओमध्ये ती दारातून बाहेर पडून स्वयंपाकघरात शिरेल.

पण खरी अडचण लांबीची नसते, वळणाची असते. सगळ्यात लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या धरली तर गाडी वळणावर बरी दिसते, असा या छंदातला ढोबळ नियम आहे. एचओमध्ये एलएचबीसाठी ती ८१ सेंटिमीटर होते, म्हणजे नुसता अर्धा फेरा घ्यायलाच पाच फुटांच्या वर रुंदी हवी. आणि नवशिका आणतो काय, तर लकडगंजातून आठ बाय चारची प्लायवूड शीट. काकांनीही तीच आणली. चार फुटांत फार तर ५५ सेंटिमीटरची त्रिज्या बसते. गाडी त्यावरून जाते, पडत नाही, पण डब्याचा मधला भाग आत लोंबतो आणि टोकं बाहेर निघतात. पहिल्या दिवशी काकाच म्हणाले, “अरे, हा डबा तर तिरपाच होऊन राहिला ना!”

त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. प्रवासी गाडी सोडली आणि मालगाडी धरली. बॉक्सएन ही कोळशाची उघडी वाघीण पावणेअकरा मीटरच्या आत बसते, एचओमध्ये सव्वाबारा सेंटिमीटर. तेवढ्याच वळणावर त्या झकास फिरतात. डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन आणि मागे दहा वाघिणी मिळून गाडी दीड मीटरची होते आणि पुरेशी लांब वाटते. शिवाय हे दृश्य आपल्या गावचं आहे. कोळशाचे रेक आणि अजनीच्या शेडची इंजिनं बघत मोठा झालेला माणूस त्या मालगाडीकडे परकेपणाने बघत नाही. एचओ घ्यायचं असेल आणि खोली लहान असेल, तर माझं मत सरळ आहे: मालगाडी करा, राजधानीच्या नादी लागू नका.

मनीषनगरच्या मित्राला मात्र लांब गाडी पळताना बघायची होती. पलंगाच्या पायथ्याशी उभी करून ठेवता येईल अशा अडीच फूट रुंद फळीवर त्याचा दुहेरी मार्ग बसलाय. कातो आणि टोमिक्स या जपानी ब्रँडचे रूळ खालच्या गिट्टीसकट तयार येतात, खट्‌ करून जोडायचे. वळणाच्या त्रिज्या २८-३२ सेंटिमीटरच्या. पहिल्याच संध्याकाळी गाडी धावली. काकांची गाडी त्यांनी काम हाती घेतल्यावर किती दिवसांनी धावली हे मी इथे लिहिणार नाही, ते वाचतील.

आपली गाडी मिळते का

इथे एनचा पाय घसरतो. भारतीय इंजिनं आणि डबे जे काही मिळतात ते बहुतेक एचओमध्ये, छोट्या उत्पादकांकडून किंवा थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांकडून, थोड्या संख्येने. आलेला माल संपला की वाट पाहावी लागते. एनमध्ये भारतीय असं जवळजवळ काहीच नाही. मित्राच्या फळीवर शिंकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, पळते आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला वाटणार असेल तर एन घेऊ नका. निळ्या-पांढऱ्या जपानी गाडीला मनातल्या मनात विदर्भ एक्स्प्रेस म्हणणं दोन महिने जमतं, पुढे जमत नाही.

आकार अर्धा म्हणून किंमतही अर्धी असेल, हा हिशेब धरू नका. बारीक यंत्राला मेहनत तेवढीच लागते, त्यामुळे चांगलं एन इंजिन चांगल्या एचओ इंजिनाच्या फार मागे नसतं. परदेशातून मागवलं तर वर कस्टम्स आणि कुरिअर. स्वस्ताई हवी असेल तर ती माप बदलून येत नाही, इंजिनं कमी घेऊन येते.

आता एक बारकावा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मध्ये तो १९.३ व्हायला हवा, पण एचओचे रूळ १६.५ चे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरवरून आलेले. म्हणजे एचओमधली प्रत्येक भारतीय गाडी अरुंद पायांवर उभी असते. एनमध्ये साडेदहा हवेत तिथे नऊ. समोरून फोटो काढला की कळतं, बाजूने कळत नाही, आणि बहुतेक जण हे सोडून देतात. मला ते सोडवलं नाही. तिसऱ्या पर्यायाकडे मी वळलो त्याचं अर्धं कारण हेच.

नॅरोगेज

सातपुड्यातल्या आपल्या छोट्या गाड्या अडीच फुटी गेजवर चालायच्या, ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा: ८.७६. एचओईचे रूळ ९ चे, फरक पाव मिलिमीटरचाही नाही. तिन्ही पर्यायांत आपल्याकडची गाडी रुळांवर खरी दिसते ती इथेच. हा योगायोगही नाही, कारण ऑस्ट्रियातल्या डोंगरी लाइनी ७६० मिलिमीटरच्या आहेत आणि तिकडच्या शौकिनांसाठीच हे सामान बनतं.

नागपूरकराला इथे एक मोठी सोय आहे. मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, २००२ पासून. इंजिनं, डबे, सिग्नलची उपकरणं समोर उभी आहेत. फोटोंवरून अंदाज बांधण्याऐवजी तिथे जाऊन दाराचा कोन बघा, खिडकीच्या गजांची संख्या मोजा, छताचा बाक बघा. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये, दोन्ही ब्रॉडगेज करण्यासाठी. त्यामुळे सावनेर-सौंसरकडची किंवा उमरेड-भिवापूरकडची गाडी आठवणारी माणसं अजून घरोघर आहेत. माझ्या फळीवरच्या फलाटाची उंची चुकली आहे हे उमरेडच्या एका आजोबांनी एका नजरेत सांगितलं.

जागेचं म्हणाल तर पेको या ब्रिटिश कंपनीच्या तयार एचओई रुळांची त्रिज्या २३ सेंटिमीटरच्या आसपास आहे. दोन मीटर लांब आणि पावणेदोन फूट रुंद फळीवर एक स्टेशन, एक माल धक्का आणि वळून मागे जाणारी लाइन आरामात होते. आणि इंजिनामागे चार डबे लावले की गाडी पूर्ण. ब्रॉडगेजमध्ये चार डब्यांची गाडी बिचारी वाटते.

तोटा मोठा आहे आणि तो आधीच ऐका. रूळ सोडले तर आपल्या नॅरोगेजचं दुकानात काहीही तयार मिळत नाही. झेडडीएम हे नॅरोगेजचं डिझेल इंजिन हवं तर कातोची छोटी मोटर-चेसिस घ्यायची आणि वर स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटचं किंवा प्रिंट केलेलं अंग स्वतः बसवायचं. या स्वस्त चेसिस हळू चालायला नाखूश असतात, आणि नॅरोगेजची शोभा तर हळू चालण्यातच. ज्यांना हाताने कापायला, घासायला, रंगवायला आवडतं त्यांच्यासाठी ही मजा आहे. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी ही शिक्षा आहे.

मे महिना आणि कूलर

बाहेरची पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असतात. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्यात ४५, एवढ्या फरकाने दोन मीटरचा निकेल-सिल्व्हर रूळ मिलिमीटरभर वाढतो. रूळ हिवाळ्यात टोकाला टोक चिकटवून ठोकले तर उन्हाळ्यात ते उचलतात. सांध्यात बारीक फट ठेवा, किंवा सरळ एप्रिलमध्ये रूळ बसवा.

त्याहून वाईट कूलर. खसच्या टट्ट्यातून येणारी ओली हवा थेट प्लायवूडवर बसते, बाहेरची धूळही सोबत आणते, आणि मग पावसाळा येतो. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना सीलर लावल्याशिवाय मांडणी सुरू करू नका. कूलरच्या समोरच्या भिंतीला तर नकोच. इथे एन सगळ्यात नाजूक. त्याच इंजिनाचं आकारमान एचओच्या सहाव्या हिश्शाएवढं, म्हणून वजन कमी, म्हणून रुळाशी संपर्क कच्चा. थोडी धूळ बसली की एन गाडी अडखळते, एचओ तीच धूळ चिरडून जाते. मित्र दर वेळी चालवण्याआधी रूळ पुसतो, उन्हाळ्यात मधेही पुसतो. एचओईची चाकंही तेवढीच हलकी, तिथेही फडकं जवळच ठेवायचं.

विजेबद्दल थोडक्यात: एकच गाडी असेल तर साधा १२ व्होल्ट डीसी पुरे. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची तर डीसीसी, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत. आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारं डीसीसी-ईएक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा बोर्ड सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून बघा. तो हुकूम वाचणारा डीकोडर बसवायला एचओ इंजिनात जागा असते, जुन्या एन इंजिनात सोल्डरिंगचा हात साफ हवा.

मग कोणाला काय

नागपूरचं डायमंड क्रॉसिंग, म्हणजे चार दिशांच्या लाइनी काटकोनात छेदतात ती जागा, करायचंय असं प्रत्येक नवा माणूस एकदा तरी म्हणतो. नव्वद अंशांचं तयार क्रॉसिंग एचओ आणि एन दोन्हींत मिळतं, पण चार दिशांना गाड्या जाऊ द्यायच्या तर जागा एनचीच परवडते. हेच स्वप्न असेल तर एन घ्या आणि भारतीय डब्यांचा हट्ट सोडा. डब्ल्यूएजी-९, बॉक्सएन, ओळखीचे रंग हवेत आणि एक भिंत मोकळी मिळते, तर एचओ. जागा फळीएवढीच आहे पण हाताला काम हवंय, तर नॅरोगेज. मी तिथेच राहणार.

घरात सात-आठ वर्षांचं पोट्टं असेल आणि मांडणी त्याच्यासोबत करायची असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून एचओ घ्या. त्या वयाच्या बोटांना एनचा डबा रुळावर चढवता येत नाही, आणि घसरलेला डबा परत चढवायला दर वेळी बाबांना हाक मारावी लागली तर त्याचा खेळ आठवडाभरात संपतो. पुण्याला जाणं झालंच तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय त्याला दाखवा. ते १:८७ मध्येच आहे. काय मागायचं ते परतीच्या गाडीत तोच सांगेल.