ॲबसेलचे लॉग-एव्हरी-एन मॅक्रो: लॉगसाठी मस्त, बाकी कामाला लॅम्डाच बरा

हॉट लूपमध्ये, म्हणजे सेकंदाला असंख्य वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये, साधी लॉगची ओळ टाकली तरी फाइल फुगत जाते, म्हणून दर एन वेळा किंवा दर काही सेकंदांनी एकदाच लिहिणारं काहीतरी लागतंच, आणि त्यासाठी मी गूगलच्या ॲबसेल या सी++ लायब्ररीतले लॉग-एव्हरी-एन आणि लॉग-एव्हरी-एन-सेक हे मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये जसेच्या तसे उलगडले जाणारे तुकडे) वापरतो. लॉगिंगपुरते एकदम झकास! जिथे लिहाल तिथला स्वतःचा स्टॅटिक काउंटर, म्हणजे दोन कॉलच्या मध्येही टिकणारा आकडा, तयार होतो, थ्रेडचं टेन्शन नाही, पहिल्या वेळी लगेच छापतो. लॉग-एव्हरी-पाव-टू तर फारच आवडला, 1, 2, 4, 8 असा छापत जातो म्हणजे एरर सुरू झाली की लगेच कळतं आणि नंतर लॉग भरत पण नाही.

अडतं कुठे, तर लॉग सोडून दुसरं काही करायचं असलं की. मेट्रिक पाठवायचंय, जुनी कॅश काढायचीय, तिथे हे कामाचे नाहीत, मग लोक स्वतःचा मॅक्रो लिहायला बसतात आणि मॅक्रोला नेमस्पेस नाही, डीबगरमध्ये ओळीओळीने आत जाता येत नाही.

खरं तर मॅक्रो लागतच नाही हो. सी++ मध्ये प्रत्येक लॅम्डाचा (जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनचा) टाइप वेगळा असतो आणि टेम्प्लेट फंक्शनची दर टाइपला वेगळी प्रत बनते, म्हणून एक टेम्प्लेट फंक्शन लिहायचं, आत स्टॅटिक ॲटॉमिक (अनेक थ्रेडनी एकदम बदलला तरी न चुकणारा) काउंटर ठेवायचा आणि चालवायचा कोड तिथल्या तिथे लॅम्डा लिहून द्यायचा. कॉल साइट, म्हणजे कॉल केल्याची जागा, वेगळी की लॅम्डा वेगळा, त्यामुळे काउंटरही वेगळा, आणि हे सी++11 पासून चालतंय. काहीजण सी++20 चं सोर्स-लोकेशन (कॉल कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीतून आला ते सांगणारं) घेऊन मॅपमध्ये काउंटर शोधतात, पण मग दर कॉलला लुकअप आणि वर लॉक, हॉट लूपमध्ये ते नकोच.

जपायचं एवढंच की लॅम्डा एसटीडी-फंक्शनमध्ये (कुठलंही फंक्शन ठेवता येणाऱ्या तयार डब्यात) गुंडाळून देऊ नका, सिग्नेचर सारखी असली की टाइप एकच होतो आणि सगळ्यांचा काउंटर एक. लॅम्डा व्हेरिएबलमध्ये ठेवून दोन ठिकाणी दिला तरी तेच. दर काही सेकंदांनी चालवायचं असेल तर स्टेडी-क्लॉकच (फक्त पुढेच जाणारं घड्याळ) घ्या, सिस्टीम-क्लॉक मागे सरकू शकतं, आणि पुढची वेळ कम्पेअर-एक्स्चेंजने (किंमत अजून जुनीच असली तरच बदलणाऱ्या ॲटॉमिक क्रियेने) बदला म्हणजे दोन थ्रेड एकदम आले तरी एकालाच संधी मिळते.

आणि हो, दर ऑब्जेक्टला वेगळा काउंटर हवा असेल तर ॲबसेलपण नाही आणि ही लॅम्डाची युक्ती पण नाही, स्टॅटिक सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एकच असतो, तिथे सरळ क्लासमध्ये मेंबर ठेवा.