दोन इम्प्लांट, अकरा महिने आणि मिरचीच्या दुकानातली शिंक

गेलेल्या दाढांच्या जागी दोन इम्प्लांट बसवले, म्हणजे हाडात स्क्रू आन् त्यावर पक्का दात, त्याचा हा रिव्ह्यू. आधीच सांगून देतो, क्लिनिकचं नाव टाकणार नाही. नाव टाकलं की लोक म्हणतात पैसे घेऊन लिहिलं, आणि तसंही खाली मी थोडी कुरकुर पण करणार आहे. नागपुरात रामदासपेठेतलं आहे, एवढं पुरे. पाचपैकी चार स्टार. एक काहून कापला ते येतेच पुढं.

माझं वय ५३. इतवारीत मसाल्याचं आन् मिरचीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. उजवीकडची खालची मोठी दाढ २०१७ मधे काढली, रूट कॅनॉल करूनही पस येणं थांबत नव्हतं म्हणून. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते की जागा भरून घ्या, मी म्हटलं बघू, एक दाढ गेली तं काय होते, बाकीच्या आहेत ना. मग २०२१ मधे वरची डावी गेली. आता हिशोब असा झाला की उजवीकडे खालची नाही आन् डावीकडे वरची नाही, घास कुठंही फिरवा, समोर जोडीदारच नाही. तीन-चार वर्षं समोरच्या दातांनी पोळी तोडून मागं ढकलत राहिलो. सावजीत गेलो की रस्सा प्यायचो आन् मटणाचे तुकडे पोट्ट्याच्या ताटात टाकायचो, त्याला वाटे बाबा प्रेमानं देऊन राहिले. तर्री पोह्यातले चने बाजूला काढून ठेवायचो. तर्रीतून चने काढल्यावर उरते काय, सांगा.

पहिले एका दुसऱ्याच ठिकाणी गेलो होतो, मोठा बोर्ड होता, १८ हजारात पक्का दात. आत गेल्यावर कळलं १८ हजार फक्त हाडात बसवायच्या स्क्रूचे, त्याच्यावर जो खुंटा येतो त्याचे वेगळे, वरच्या कॅपचे वेगळे, स्कॅनचे वेगळे, अन् कॅप कोणती हे विचारलं तं रिसेप्शनवरची पोरगी म्हणे सर सांगतील, आणि सर काही भेटले नाही. एक्स-रे न काढताच ॲडव्हान्स मागून राहिले होते. आम्ही धंदेवाले लोक, पोत्यात हात घालून मिरची पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. निघून आलो.

मग या रामदासपेठेतल्या डॉक्टर मॅडमकडे. तिशीतली पोरगी असेल, मला काका म्हणते, पहिल्या दिवशी थोडं लागलं ते, पण ठीक आहे. खुर्चीत बसवून पहिला प्रश्न दाताचा नाहीच, खर्रा (आमच्याकडचा सुपारी-तंबाखू घोटलेला) किती होतो. मी म्हटलं दिवसाच्या दोन पुड्या. तिनं काही म्हटलं नाही, फक्त म्हणे तुमची तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा. घातली तं अडीचच गेली. बाप्पा, मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं की आपलं तोंड कमी उघडून राहिलं. सुपारीनं गालाच्या आतली चामडी आखडते म्हणे, आणि मागच्या दाढेच्या जागी ड्रिल उभी धरायला जागा लागते, तोंडच उघडलं नाही तं मशीन घालणार कुठून. वरून तंबाखूनं हिरडीतला रक्तपुरवठा कमी होतो, जखम लवकर भरत नाही, स्क्रू हाडाला धरत नाही. म्हणे पुडी बंद असेल तरच करीन, नाहीतर काढता-घालता येणारा दात बनवून देते, तो स्वस्त पण पडेल. बायको बाजूलाच बसली होती, तिचा चेहरा पाहण्यासारखा होता, पंचवीस वर्षांत जे तिला जमलं नाही ते या पोरीनं तीन बोटांत केलं.

दुसरी अडचण शुगर. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, निघाली ८.४. मॅडमला सातच्या आसपास पाहिजे होती. दोन महिने भात कमी, संध्याकाळी फुटाळा तलावावर चालणं, मग ७.१ आली तेव्हा पुढची तारीख मिळाली. ज्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे किंवा हाडं ठिसूळ होऊ नये म्हणून आठवड्याची गोळी वा इंजेक्शन चालू आहे त्यांनी ते सांगाच, माझ्या मोठ्या बहिणीला ती आठवड्याची गोळी आहे, तिच्यासाठी विचारलं तं मॅडम म्हणे आधी तिच्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय मी दाढ काढायला पण हात लावणार नाही.

ब्रिजचं पण विचारलं होतं मी, स्वस्तात होते का म्हणून. ब्रिज म्हणजे बाजूच्या दातांच्या आधारानं मधे टांगलेला दात, त्याला आजूबाजूचे दोन चांगले दात घासून बारीक करावे लागतात. चांगले दात कापायचे, ते मनाला पटलं नाही.

मग स्कॅन, तो जबड्याचा थ्रीडी सीबीसीटीवाला, मशीन डोक्याभोवती फिरते, अर्धा मिनिट पण लागत नाही. स्क्रीनवर जबडा आडवा-उभा कापून दाखवला आणि तिथं मला माझी चूक दिसली. दाढ निघाली की तिथलं हाड रिकामं बसत नाही, वितळत जाते, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. खालची जागा आठ वर्षं रिकामी, तिथं हाड अरुंद झालेलं, मागची दाढ त्या जागेत कलंडलेली, वरची दाढ आधार नाही म्हणून खाली लोंबलेली. तरी खाली काम भागत होतं. वर मात्र सायनसची, म्हणजे नाकाच्या बाजूची गालाच्या हाडातली, पोकळी खाली उतरून आली होती, हाडाची उंची उरली सहा मिलिमीटर. म्हणजे सायनसचा पडदा थोडा उचलून खाली हाडाची पावडर भरायची. त्याचे १८ हजार वेगळे. तेच १८ हजार, जे बोर्डावर होते, असं मनात आलं. २०२१ मधेच केलं असतं तं कदाचित हे लागलंच नसतं.

पैशाचं मॅडमनं कागदावर लिहून दिलं: स्क्रू, खुंटा, झिरकोनियाची कॅप मिळून एका दाताचे ३८ हजार, स्कॅन अडीच हजार, वरचं हाड वेगळं. एकूण ९६ हजार ५००, चार हप्त्यांत. शेवटपर्यंत त्यात एक रुपया वाढला नाही, हे खास लिहून राहिलो कारण धंद्यात मला याचीच किंमत आहे. मेडिक्लेममधे काही मिळालं नाही, माझ्या पॉलिसीत दाताचं फक्त ॲक्सिडेंट झाला तर आहे. ज्याला एवढं झेपत नाही त्यानं नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या सरकारी डेंटल कॉलेजात आधी विचारून पाहावं, वेळ जास्त द्यावा लागेल.

खालचा फेब्रुवारीत बसवला. दुखलं का, सगळे हेच विचारतात. हिरडीत इंजेक्शन देताना टोचते तेवढंच, बाकी दाढ काढण्यापेक्षा सोपं. तोंडावर हिरवं कापड, नळीनं सारखं पाणी सुटून राहिलं, ड्रिल इतकी हळू की मला वाटलं लाइट गेली का. विचारलं तं म्हणे हाड ४७ डिग्रीच्या वर तापलं तं मरते, म्हणून हळू आणि थंड पाण्यात. तोंडात नळी असल्यामुळे तेव्हा बोलता आलं नाही, नंतर म्हटलं मॅडम मग नागपूरवाल्यांची हाडं तं मे महिन्यातच गेली म्हणायची. शेवटी हातानं किल्ली फिरवून स्क्रू घट्ट केला, पान्यासारखा कर-कर आवाज येतो जबड्यात, कानानं नाही, हाडानं ऐकू येतो तो. पस्तीसचा टॉर्क भेटला, मस्त धरलं, असं ती असिस्टंटला म्हणाली (टॉर्क म्हणजे स्क्रू किती घट्ट बसला त्याचं माप), तेव्हा मला पण जरा बरं वाटलं. दोन टाके, आइसक्रीम, तीन दिवस गोळ्या. दुसऱ्या दिवशी गाल सुजला होता, तिसऱ्या दिवशी दुकानात.

मग साडेतीन महिने थांबा. हे थांबणं कशासाठी ते पोट्ट्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं. स्वीडनमधे ब्रोनमार्क नावाचे डॉक्टर होते, १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्त कसं फिरते ते पाहत होते, प्रयोग झाल्यावर नळी काढायला गेले तं निघेना, हाड त्या धातूला चिकटून वाढलेलं. आता आपल्यासारखा माणूस महागाची नळी वाया गेली म्हणून रडत बसला असता. त्यांनी १९६५ मधे पहिल्या पेशंटच्या जबड्यात तेच बसवलं आणि तो माणूस चाळीस वर्षं त्यावर जेवला, २००६ मधे वारला तेव्हाही स्क्रू जागेवर होते. तर हाड स्क्रूला धरेपर्यंत थांबायचं, बस. खाली तीन-चार महिने, वर हाड भुसभुशीत म्हणून जास्त. कोणी तीन दिवसांत दात म्हणत असेल तं कोणाच्या हाडात आणि कोणत्या जागी ते विचारा, काही जणांना जमते ते, मला नाही जमलं असतं.

वरचा मार्चमधे. हा मात्र त्रासाचा होता. हाडाची पावडर घालायच्या आधी मॅडमनं स्वतःहून विचारलं की एक पावडर गाईच्या हाडापासून बनते, एक कारखान्यातली आहे, कोणती चालेल. आमच्या घरी आई आहे, तिला कळलं असतं तं जेवायलाच वाढलं नसतं. कारखान्यातली घेतली. हे विचारणारी डॉक्टर मला आवडली, काहून की न विचारता घातली असती तं मला कधी कळलंही नसतं. बधिर असल्यामुळे दुखत नाही पण पडदा उचलताना छोट्या हातोडीनं टक-टक ठोकतात, असं वाटते कोणी डोक्यात खलबत्ता कुटून राहिलं.

आणि निघताना सूचना: दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तं दाबायची नाही, तोंड उघडून शिंकायची, नाहीतर दाबानं सायनसचा पडदा फाटेल.

राजेहो, मार्च महिना. वर्षभराचं तिखट भरायचा सीझन. दुकानात भिवापुरी मिरचीची पोती खाली होऊन राहिली, हवेत ठसका असा की नवीन गिऱ्हाईक दारातूनच परत फिरते. मी तिसऱ्या दिवशी दोन मास्क लावून, त्यावर ओला रुमाल बांधून गल्ल्यावर बसलो, दरोडेखोरासारखा. अकरा वाजता आली. दाबू का उघडू, दाबू का उघडू, आणि शेवटी समोर मोहल्ल्यातल्या दोन वहिनी उभ्या असताना तोंड आऽऽ करून अशी शिंकलो की मास्क कानातून सुटला. वहिनी तिखट न घेताच गेल्या. मॅडमला फोन केला, ती म्हणे काका नाकातून रक्त आलं का, नाही ना, मग बरोबर शिंकले तुम्ही, पण दुकानात बसायला सांगितलं कोणी. उरलेले दिवस पोट्टा बसला दुकानात.

खालची कॅप जूनमधे लागली, वरची ऑक्टोबरात. निळा कागद चावायला देतात, जिथं जास्त लागते तिथं घासतात, पाच-सहा वेळा झालं हे. सुरुवातीला नवीन दात मुका वाटतो. खऱ्या दाताखाली गादी असते, दाब कळतो, याच्याखाली सरळ हाड, म्हणून चावलेलं समजते पण किती जोरात ते समजत नाही. पंधरा दिवसांत सवय झाली.

आता कापलेला स्टार. एक, अकराची अपॉइंटमेंट म्हणजे साडेबारा, दरवेळी, एकदाही अपवाद नाही. दोन, ऑगस्टमधे खालची कॅप हलायला लागली, मी घाबरलो की गेले ३८ हजार, पण आतला छोटा स्क्रू ढिला झाला होता, कॅपच्या वरचं भोक उघडून परत कसून दिलं, पैसे घेतले नाही. पण असं होऊ शकते हे आधी सांगायला पाहिजे होतं, चार दिवस मी खिचडी खाऊन काढले. तीन, फटीत अडकते. संत्र्याचा रेशा, मटणाचा रेशा, सगळं. बारीक ब्रश दिला आहे बाटली धुवायच्या ब्रशसारखा, रोज रात्री फिरवावा लागतो, नाहीतर इम्प्लांटच्या भोवतालची हिरडी सुजून हाड खाली जाते. आळशी माणसानं हा विचार करून पैसे घालावे.

एक कार्ड मात्र मागून घ्या. स्क्रूच्या डब्यावरचं स्टिकर, कंपनी, साइज, लॉट नंबर, सगळं त्यावर चिकटवून देतात. मला मागावं लागलं नाही. उद्या मी पुण्यात पोरीकडे असलो आणि काही ढिलं झालं तं तिथल्या डॉक्टरला कोणती किल्ली लागते ते त्यावरून कळेल. लाइफटाइम वॉरंटी लिहिली आहे पण ती स्क्रूची, कॅपची नाही, नीट वाचा.

खर्रा अजून बंद आहे. मागच्या महिन्यात बोटं घालून पाहिली, तेवढीच अडीच जातात, ती चामडी अशीतशी परत येत नाही म्हणे, पण गालातली आग कमी झाली. गेल्या रविवारी पोट्ट्याला घेऊन तर्री पोहे खायला गेलो, त्याच्या प्लेटमधले चने पण मीच खाल्ले.

जायचं असेल तं गाडी नेऊ नका, रामदासपेठेत पार्किंगसाठी तीन चकरा होतात. मेट्रोनं जा, आणि अपॉइंटमेंट अकराची असेल तं बारा वाजता पोचा.