फुकटचा सरकारी रस्ते-डेटा: नेव्हिगेशनसाठी कोणता किती चालतो?

सरकारी रस्ते-डेटा फुकट आहे, म्हणजे आपला नकाशा स्वस्तात उभा राहील, हा हिशेब फाइल उतरवून घेईपर्यंतच टिकतो. इथे चार संच तपासले आहेत: अमेरिकेच्या जनगणना विभागाचा टायगर-लाइन, ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा संस्थेचा ओपन रोड्स, फिनलंडचा डिजिरोड आणि नॉर्वेचा राष्ट्रीय रस्ते-डेटाबेस एनव्हीडीबी. कसोटी एकच. गाडीला वळणावळणाने वाट सांगणारं विकाऊ उत्पादन यांवर उभं करायचं तर तयार काय मिळतं आणि पदरचं काय घालावं लागतं?

निकाल आधीच सांगतो. नियम हवे असतील, म्हणजे वेगमर्यादा, एकेरी वाहतूक, वळणबंदी, तर फिनलंड आणि नॉर्वेचे दोन संच घ्या. ओपन रोड्स हा चांगला सांगाडा आहे, त्यापलीकडे काही नाही. टायगर-लाइन पत्ते शोधायला उत्तम, पण वाट दाखवायला सगळ्यात जास्त मेहनत मागतो.

टायगर-लाइन मुळात वाहनांसाठी बनलेलाच नाही. जनगणनेचे गट पाडायला हद्दी लागतात आणि त्या बहुतेक रस्ते, नद्या, रेल्वेमार्ग यांवरून जातात, म्हणून १९९० च्या जनगणनेसाठी तो बांधला गेला. हे ध्यानात ठेवलं की त्याच्या सगळ्या खोडी समजतात. एकेरी रस्ते, वळणबंदी, वेगमर्यादा यांपैकी त्यात काहीही नाही. माणसं मोजायला त्यांची गरज काय?

त्याच्या फाइली काउंटीवार, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागांनुसार, मिळतात. नवखा माणूस ‘रोड्स’ नावाची फाइल उचलतो आणि तिथेच फसतो. तिच्यात एका नावाचा रस्ता सलग रेषा म्हणून येतो, चौकाचौकात तोडलेला नसतो. शिवाय रस्त्याला हायवे क्रमांक आणि स्थानिक नाव अशी दोन नावं असली की तीच रेषा दोनदा येते. राउटिंगसाठी, म्हणजे वाट काढायला, ‘एजेस’ची फाइल घ्यावी. तिच्यात नद्या, रूळ, हद्दी असं सगळंच भरलेलं असतं, म्हणून रस्त्याची खूण असलेल्या नोंदी आधी गाळून घ्यायच्या. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या नोडचे, म्हणजे सांध्याच्या बिंदूंचे, क्रमांक तयार मिळतात, त्यामुळे जाळं लगेच जुळतं. काउंटीच्या सीमेवरचा रस्ता मात्र दोन्हीकडच्या फाइलींत असतो. तुकड्याचा कायम क्रमांक पाहून दुबार नोंद काढली नाही तर तिथे दोन समांतर रस्ते तयार होतात.

सगळ्यात मोठी खोट उड्डाणपुलांची. टायगरच्या रचनेत दोन रेषा छेदल्या की तिथे नोड पडतोच, मग एक रस्ता वरून आणि दुसरा खालून का जाईना. हे तसंच राउटरला, म्हणजे वाट काढणाऱ्या प्रोग्रामला, दिलं तर तो गाडी पुलावरून थेट खालच्या हायवेवर उतरवतो. २००७-०८ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाने हा डेटा सरसकट आत घेतला तेव्हा असे खोटे जोडही सोबत आले आणि ते सोडवत बसावं लागलं. उपाय असा: टायगरच्या रस्ते-वर्गांत एस११०० हा वर्ग प्रवेश-नियंत्रित हायवेचा आहे आणि त्यावर साधा चौक नसतो. म्हणून ज्या नोडवर एस११०० आणि एस१४०० म्हणजे स्थानिक रस्ता भेटतात, पण एस१६३० म्हणजे रॅम्प (हायवेवर चढा-उतरायचा जोडरस्ता) येत नाही, तो नोड फोडून दोन करायचा. यात बहुतेक प्रकरणं सुटतात. पुलाच्या अगदी बुडाशीच रॅम्प मिळतो तिथे मात्र हवाई छायाचित्र उघडून डोळ्यांनीच पाहावं लागतं. त्याच झटक्यात एस१५०० वर्ग साध्या गाड्यांसाठी बंद करून टाका. तो फोर-व्हील ड्राइव्ह लागणाऱ्या कच्च्या वाटांचा आहे आणि राउटरला त्या फार आवडतात, कारण त्या जवळच्या असतात.

पत्त्यांत मात्र टायगर भाव खातो. प्रत्येक तुकड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला घरक्रमांकांचा पल्ला दिलेला असतो. पण १०१ ते १९९ दिसलं म्हणजे तितकी घरं आहेत असं समजू नये. तो संभाव्य क्रमांकांचा पल्ला आहे, कारण एकेक घराचा पत्ता जनगणना विभागाला कायद्याने गुप्त ठेवावा लागतो. १०७ क्रमांक प्रमाणाने काढला तर तो गल्लीच्या तोंडाशी पडतो. घर प्रत्यक्षात मध्यावर असू शकतं. गल्ली सापडायला हे पुरेसं आहे, डिलिव्हरीवाल्याला दारात उभं करायला नाही.

ओपन रोड्सची गोष्ट थोडक्यात आटोपते. २०१५ पासून खुला, वर्षातून दोनदा ताजा, रेषा स्वच्छ, पुलाखालचे रस्ते नीट सुटे ठेवलेले. उत्तर आयर्लंड यात नाही. वाहतुकीची दिशा नाही, वळणबंदी नाही. त्या हव्या असतील तर ऑर्डनन्स सर्व्हेचाच महागडा संच विकत घ्यावा लागतो, आणि ही मेख त्यांनी मुद्दामच मारून ठेवली आहे असं वाटतं. काही दुभाजकवाले रस्ते एकाच रेषेत आवळलेले असतात. त्यांचा प्रकार तसा लिहिलेला असतो, पण तो स्तंभ न वाचता पुढे गेलात तर नकाशात गाडी दुभाजकातून उजवीकडे वळते.

एक चूक मात्र इथे हमखास होते. डेटा ब्रिटिश नॅशनल ग्रिडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या स्वतःच्या मीटरांतल्या सहनिर्देशकांत, असतो. त्यावरून अक्षांश-रेखांश काढताना ओएसटीएन१५ ही रूपांतराची ग्रिड फाइल लागते. ती संगणकावर नसेल तर प्रोज ही सहनिर्देशक बदलून देणारी लायब्ररी काही न बोलता सात आकड्यांच्या ढोबळ हेल्मर्ट सूत्रावर उतरते आणि रस्ता काही मीटर सरकतो, वाईटात वाईट पाचेक मीटर. पडद्यावर हे दिसतसुद्धा नाही. दुसऱ्या स्रोताच्या रेषांशी जुळवणी करताना मात्र सेवा रस्ता आणि मुख्य रस्ता यांची अदलाबदल होते आणि दोष जुळवणीच्या कोडला दिला जातो.

डिजिरोड आणि एनव्हीडीबी रस्ते सांभाळणाऱ्या खात्यांनीच बांधले, म्हणून त्यांत रस्त्याचे नियम आहेत. डिजिरोडमध्ये तर हिवाळ्यातली वेगमर्यादाही वेगळी नोंदलेली असते. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर १०० च्या रस्त्यावर थंडीत ८० ची पाटी आणि नकाशात १०० असा प्रकार होतो. शहरातल्या रस्त्यांची माहिती नगरपालिका देतात, त्यामुळे ताजेपणा गावागणिक बदलतो.

दोन्हींत माहिती रेषेवर चिकटवलेली नसते. ‘या लिंकवर (म्हणजे रस्त्याच्या तुकड्यावर) इथपासून तिथपर्यंत’ अशी वेगळी असते. एनव्हीडीबीत १०५ क्रमांकाचा प्रकार वेगमर्यादेचा. त्याची नोंद एखाद्या लिंक-मालिकेवर ०.२१३ ते ०.४८७ अशी येते. मालिका ४ किलोमीटरची आहे, तर ८५२ मीटरपासून १,९४८ मीटरपर्यंत, असा गुणाकार करायचा मोह होतो. करू नये. मालिकेतल्या प्रत्येक लिंकला स्वतःचं सुरुवातीचं आणि शेवटचं स्थान दिलेलं असतं. प्रमाण त्या लिंकच्या आतच लावायचं. रस्ता मध्येच सरळ केला, लांबी बदलली, तरी स्थानांचे आकडे जुनेच राहतात. म्हणून थेट गुणाकारात वेगमर्यादेची पाटी भलत्याच ठिकाणी जाते.

डिजिरोडची खोच दिशेत आहे. वाहतुकीची दिशा रेषा ज्या बाजूने काढली त्या बाजूच्या संदर्भात लिहिलेली असते. पोस्टजीआयएस या नकाशा-डेटाबेसमध्ये तुकडे जोडताना रेषा उलटू शकते आणि एकेरी रस्ता उलटा होतो. ३.३ आवृत्तीपासून जोडणीच्या फंक्शनला दिशा राखण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. त्याहून जुन्या आवृत्तीत एकेरी तुकडे जोडूच नका.

युरोपात आता या कामामागे पैसा आहे, कारण वेगमर्यादा ओळखणारी यंत्रणा जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची झाली. रस्ते खात्यांनी फक्त झालेले बदल नकाशा कंपन्यांना पाठवावेत यासाठी टीएन-आयटीएस हे मानक आहे, आणि संपूर्ण संच पुन्हा पुन्हा ओढण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं. बदल नेमका कुठे झाला, हे ओपनएलआर या रस्त्यावरची जागा वर्णनाने सांगणाऱ्या पद्धतीने कळवता येतं: रस्त्याचा दर्जा, प्रकार, पुढच्या २० मीटरांवरून काढलेली दिशा आणि पुढच्या बिंदूपर्यंतचं अंतर, जे १५ किलोमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आपल्या नकाशात त्याच रस्त्याचा दर्जा वेगळा लावलेला असेल तर शोध शेजारच्या समांतर रस्त्यावर जाऊन बसतो. दर्जात एका पायरीचा फरक चालवून घ्या, दिशेत मात्र कडक राहा.

परवान्यांचं काम आधी करा, डेटा मिसळल्यावर नाही. टायगरवर अमेरिकेत सरकारी हक्क नाही. ओपन रोड्सला हक्काची ओळ आणि वर्ष छापावं लागतं, डिजिरोडला श्रेय आणि बदल केल्याची नोंद, नॉर्वेच्या परवान्यालाही श्रेय. गोची होते ती यांत ओपनस्ट्रीटमॅप मिसळल्यावर: त्याच्या परवान्याप्रमाणे मिश्रणातून झालेला आणि लोकांपुढे वापरलेला डेटाबेस त्याच अटींवर द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक लिंकवरच्या प्रत्येक माहितीला स्रोत, तारीख आणि परवाना असे तीन स्तंभ पहिल्या दिवसापासून ठेवा. वेगमर्यादा एका ठिकाणची, नाव दुसरीकडचं आणि रेषा तिसरीकडची असेल, तर लिंकला मिळून एकच परवाना लिहिलेला डेटाबेस नंतर कोणत्याही वकिलाला उलगडता येत नाही.